सहावं पिंप

ओडेटच्या हाताखाली काम करायचं म्हणजे अंगाला कसलाही वास चालायचा नाही. मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात तिने माझा हात नाकाशी धरला, लव्हेंडरचं क्रीम हुंगलं आणि मला नळाकडे पिटाळलं. "मर्ना, बियर ओतायची की साबण विकायचा ते एकदा ठरव," म्हणाली. तेव्हापासून मी बिनवासाची झाले. माझा नवरा म्हणायचा, तू घरात आलीस की नाहीस तेच कळत नाही हल्ली.

आमची ब्रुअरी खाणीच्या जुन्या इंजिनघरात होती. तांबं संपलं, खाण बंद पडली, दगडी इंजिनघर तेवढं उरलं. त्यात रेनो लाहती आणि त्याची बायको ओडेट यांनी टाक्या बसवल्या. वर्षभर आम्ही साधी, फिक्या रंगाची बियर विकायचो. मासे धरायला येणारे, बर्फगाड्या उडवत हिंडणारे, असं आमचं गिऱ्हाईक. पण नाव झालं होतं ते 'चार नंबर'मुळे. रेनोचा आजा खाणीच्या ज्या शाफ्टमधून, म्हणजे उभ्या विहिरीतून, खाली उतरायचा आणि एके दिवशी वर आलाच नाही, त्या शाफ्टचा तो नंबर. ही इंपीरियल स्टाउट. डांबरासारखी काळी, जिभेवर जड, वाइनपेक्षाही कडक. केंटकीहून आणलेल्या व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत ती वर्षभर मुरायची आणि फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी बाटल्या विक्रीला निघायच्या. त्या दिवशी पार शिकागोपासून, मिनिआपोलिसपासून माणसं यायची आणि खिडकीच्या उंचीच्या बर्फात रांग लावून उभी राहायची.

बियर करायचा रेनो आणि चाखायची ओडेट. घराची वाटणी असते तशी ही त्यांची वाटणी होती. रेनो कमी बोलायचा. आमच्या काउंटरच्या टोकाला रोज बसणारा म्हातारा एन्सिओ म्हणायचा, "या फिनलंडवाल्यांचं असंच. रेनोने आयुष्यभराचे शब्द लग्नातच वापरून टाकले." ओडेट मात्र फ्रेंच घराण्यातली, चर्चच्या गानवृंदात गाणारी, तोंडाची तिखट. तिने बियरच्या परीक्षकाची परीक्षा दिली होती आणि मिल्वॉकीपर्यंत तिला स्पर्धांना बोलवायचे. मार्क पन्नासपैकी असतात: वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, जिभेवर कशी लागते त्याला पाच आणि एकूण परिणामाला दहा. ओडेटचा हात फार आखडता. "पन्नास देवाला," म्हणायची, "पंचेचाळीस त्याच्या आईला, आणि त्रेचाळीस रेनोला. तेही एकदाच दिलेत, डोक्यावर चढू नये म्हणून."

दर ऑक्टोबरात पिंपं उघडायची. सकाळची वेळ, ओडेटने कॉफीसुद्धा घेतलेली नसायची. रेनो एकेका पिंपातून पेला भरून आणायचा. ती लगेच प्यायची नाही. पेला तळहातात धरून बसायची, अंगच्या उबेने बियर जरा सैल पडेपर्यंत. गार स्टाउट मुकी असते असं ती म्हणायची. मग नाक, मग छोटा घोट, मग डोळे मिटून बराच वेळ काही नाही. आणि मग सुरू व्हायची. "करपलेल्या पावाची कड. काकवी. आलुबुखार, पण उन्हात जास्त वाळलेला. शेवटी ज्येष्ठमध. लाकूड जरा बोलघेवडं आहे. अडतीस." कुठलं पिंप कुठल्यात मिसळायचं, कुठलं आणखी ठेवायचं, कुठलं ओतून टाकायचं, हे ती सांगायची आणि रेनो तसं करायचा. वीस वर्षांत त्याने तिला कधी "खरंच का?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही.

ओडेटचं काहीतरी बिनसतंय हे पहिल्यांदा कळलं ते मिल्वॉकीत. एका स्पर्धेत तिने एकाच पेल्याला दोनदा मार्क दिले आणि दोन्ही वेळा वेगळे. कुणीतरी हसत हसत दाखवून दिलं, तर तिने तो पेला आपण चाखलाच नाही म्हणून भांडण काढलं. आयोजकांचा रेनोला फोन आला, फार अदबीचा. पुढच्या वर्षी आमंत्रण आलं नाही. मग ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागली. एकदा वेलदोड्याचा पाव करायला घेतला आणि पीठ भिजवून झाल्यावर ते कशासाठी भिजवलंय ते आठवेना, म्हणून स्वयंपाकघरात उभी राहून रडली.

मार्केट शहरातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण आणखी एक गोष्ट सांगितली. "या आजारात पुष्कळदा नाक आधी जातं," ते म्हणाले. "माणसांची नावं विसरायच्या आधीच वास जातो, आणि ज्याचा वास जातो त्याला ते कळतही नाही." रेनोने हे परत आल्यावर मला काउंटरवर सांगितलं. त्याने आपण होऊन मला सांगितलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. हातातलं फडकं तो एकाच जागी फिरवत होता.

त्यांची मुलगी सुवी ग्रीन बे शहरातली नोकरी सोडून घरी आली. डोक्याने चलाख, बापासारखीच कमी बोलणारी, पण बोलली की आईसारखी. तिने येताच सगळा कारभार हातात घेतला.

त्या ऑक्टोबरात पिंपं उघडायची वेळ आली तेव्हा सुवी म्हणाली, "बाबा, या वर्षी आपणच चाखू. आईला उगाच त्रास."

"तिला बसू दे," रेनो म्हणाला.

"बसू दे म्हणजे? मार्क पण देऊ दे?"

"बसू दे म्हणतोय ना."

ओडेट सकाळी आवरून आली. ओठांना काही लावलेलं नाही, केस घट्ट बांधलेले. तिला पाहून मला बरं वाटलं. अगदी आधीची ओडेट. पहिल्या पाच पिंपांपर्यंत ती नीट बोलली. मधेच शब्द अडायचा, 'कोको' म्हणायला 'ते मुलं पितात ते' म्हणाली, पण मार्क चोख दिले. सुवी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. मग सहावं आलं.

ओडेटने पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"हे ओत."

"चाख तर आधी," रेनो म्हणाला.

तिने घोट घेतला आणि बाजूच्या बादलीत थुंकला. "यात काहीतरी जिवंत आहे."

"म्हणजे काय, आई?" सुवीने विचारलं.

"जिवंत म्हणजे जिवंत! मेलेलं नाही ते. आत काहीतरी खातंय. एकोणीस. एकोणीससुद्धा दयेने देतेय. रेनो, ओत हे, आणि पिंप जाळून टाक."

रेनोने चाखलं. बराच वेळ तोंडात धरलं. मग सुवीने घेतलं, मग मी घेतलं. खरं सांगते, त्या वर्षीच्या आठ पिंपांतलं मला तेच सगळ्यात आवडलं. दाट, गुळमट, मागे व्हॅनिलाचा वास, घशातून उतरताना लोकरीचा स्वेटर घातल्यासारखी ऊब. सुवी म्हणाली, "बाबा, हे तर सगळ्यात चांगलं आहे." रेनोने पेला पूर्ण संपवला, आणि तो चाखायच्या वेळी कधी पेला संपवत नसे.

"तुम्हाला लागत नाहीये?" ओडेट आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. "लवंग. खाली कुठेतरी लवंग आहे, आणि भिजलेल्या घोड्यासारखं काहीतरी. मर्ना, तुला?"

"मला नाही गं लागत," मी म्हटलं.

"तुला कधीच काही लागत नाही," ती म्हणाली आणि उठून घरी गेली.

रेनोने त्या पिंपातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. तरी काही नाही. सुवी त्याच्या मागे उभी राहून म्हणाली, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? नाक आधी जातं. मागच्या आठवड्यात तिने दुधाचा वास घेतला आणि गॅस गळतोय म्हणाली. पिंपभर बियर आपण त्या नाकाच्या भरवशावर ओतून टाकायची?"

रेनो सूक्ष्मदर्शकावरून उठला नाही. तसाच वाकून बसला होता. "नको," म्हणाला.

सहाव्या पिंपातली बियर बाकीच्या सगळ्यांत मिसळली. जे उत्तम, ते सगळीकडे जावं म्हणून. ओडेट रोज विचारायची, "ओतलंस?" आणि रेनो सांगायचा, "ओतलं." पहिल्यांदा सांगताना त्याचा चेहरा पडला होता. नंतर नंतर तो टोपी काढून खुंटीला अडकवावी तितक्या सहज सांगायचा.

फेब्रुवारीतला तो शनिवार आमचा सगळ्यात मोठा ठरला. रांग गावच्या पोस्टापर्यंत गेली. रेनोच्या पुतण्यांनी बाहेर शेकोट्या पेटवल्या, चर्चच्या बायकांनी मटण-बटाटा भरलेल्या पेस्ट्या, खाणवाल्यांच्या त्या मोठ्या करंज्या, विकल्या. लोक घोट घ्यायचे आणि लगेच फोन काढून तारे द्यायचे. सुवी तर काउंटरमागे उभी राहून एन्सिओला वाचून दाखवत होती. "चार पूर्णांक सात, एन्सिओ! पाचपैकी! हा शिकागोचा माणूस लिहितो, 'आजवर प्यायलेली सर्वोत्तम.'"

"शिकागोचे लोक काहीही पितात," एन्सिओ म्हणाला. पण त्याचाही पेला रिकामा होता.

ओडेट शेगडीजवळच्या खुर्चीत बसली होती, अंगावर चांगला निळा कोट. ओळखीचे लोक येऊन तिचा हात हातात घेत होते. "ओडेट, तुमची जीभ म्हणजे सोन्याची!" ती मान डोलवायची, कुणाला ओळखायची, कुणाला नाही. मी तिला अर्धा पेला दिला. दोन्ही तळहातांत धरून ती बसून राहिली. मग तिने नाक जवळ नेलं.

मी काउंटरकडे वळले तोवर तिचा आवाज आला. "रेनो!"

गानवृंदात गायलेल्या बाईचा आवाज. आजूबाजूचं बोलणं थांबलं.

"तू ओतलं नाहीस. आहे यात ते."

रेनो बाटल्यांचं खोकं उचलत होता. ते खाली ठेवून तो तिच्याजवळ आला, गुडघ्यावर बसला. भोवती पंचवीस-तीस माणसं हातात पेले घेऊन उभी. सुवी काउंटरमागून बघत होती.

"ओतलं, ओडेट," तो हळू म्हणाला. "तुझ्यासमोर ओतलं. तू दारात उभी होतीस. विसरलीस."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते. तिची पकड कशी सुटत गेली ते मी पाहिलं. आधी राग होता, मग तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"मी दारात होते?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिने पेला फरशीवर ठेवला, खुर्चीच्या पायाशी, लहान मूल नको असलेली वस्तू ठेवतं तसा. लोक पुन्हा बोलायला लागले. कुणीतरी रेनोच्या खांद्यावर थोपटलं.

त्या दिवसानंतर तिने बियर मागितली नाही.

एप्रिलमध्ये पहिला फोन आला. मिनिआपोलिसच्या कुणाची तरी बाटली उघडताच फेसाळून छतापर्यंत उडाली होती. त्याला गंमत वाटली होती, हसत होता. आठवड्याभरात तसे फोन रोज येऊ लागले आणि कुणी हसेना. फोनवरचे तारे गळायला लागले. "पाणचट." "आंबूस, लवंगेचा वास." "पैसे पाण्यात." "यांना झालंय काय?" सुवीने एक बाटली उघडली, मी जवळ होते. फेस तिच्या कोपरापर्यंत आला. उरलं ते आम्ही चाखलं. ती जड, काळी ऊब गेली होती. तिच्या जागी पातळ, आंबट काहीतरी, आणि मागे ओल्या जनावराचा वास. आता तो कुणालाही येत होता.

रेनोने थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. या वेळी दिसलं. जंगली यीस्ट, पिंपाच्या लाकडात दबा धरून बसलेलं. आपलं यीस्ट जी साखर खाऊ शकत नाही, ती हे खातं. सावकाश, महिनोन्महिने, बाटलीच्या आतसुद्धा. खाता खाता वायू सोडतं.

"जिवंत," सुवी म्हणाली. मग ती बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

त्यानंतर एका माणसाच्या गाडीत बाटली फुटली. मागच्या सीटवर खोकं होतं, उन्हात; ते उचलायला त्याने हात घातला होता. काच त्याच्या मनगटात घुसली, बोटांच्या शिरा तुटल्या. तो सुतार होता. हे ऐकल्यावर रेनोने त्याच दिवशी सगळ्या बाटल्या परत मागवल्या. वकील, विम्याची माणसं, सरकारी माणसं असं सगळं पुढे झालं. ते मी सांगत बसत नाही. उन्हाळा लागेपर्यंत ब्रुअरी संपली होती.

बाटल्या नष्ट करायच्या म्हणजे एकेक फोडून ओतायची, आणि प्रत्येक बाटली म्हणजे छोटा बाँब. रेनोने वेल्डिंगचा मुखवटा घातला, कातडी हातमोजे चढवले आणि इंजिनघरामागे उघड्यावर काम सुरू केलं. त्याने कुणाला बोलावलं नव्हतं. एन्सिओ मात्र स्वतःचा मुखवटा घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला. दोघे दिवसभर बाटल्या फोडत राहिले. काळा ओघळ खडीवरून उतारावर गेला, गवतात गेला. मधमाश्या आल्या.

या सगळ्यात ओडेट वसंतात घरच्या पायरीवर पडली, खुबा मोडला. हॉस्पिटलमधून परत आली ती निम्मीच आली. रेनो ब्रुअरीत असायचा तेव्हा मी तिच्याजवळ बसायचे. एका दुपारी तो घरी आला, अंगाला आंबट वास, हातात पेला. त्याने शेवटच्या बाटल्यांपैकी एक ठेवली होती.

"रेनो, कशाला?" मी म्हटलं.

"तिला कळायला हवं," तो म्हणाला.

तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. पेला तिच्या तळहातांत दिला, वरून स्वतःचे हात ठेवले. बराच वेळ दोघे तसे बसले होते, पेला गरम करत. मग त्याने तो तिच्या नाकाशी नेला.

"काय लागतंय?"

ओडेटने घोट घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता वेडावाकडा चेहरा करेल, थुंकेल. मला ते हवं होतं. रेनोला तर किती हवं असेल.

ती हसली. "गोड आहे," म्हणाली. "छान आहे. कुणी केलंय?"

"नीट बघ, ओडेट. लवंग? घोडा?"

"घोडा?" तिला हसू आलं. "कसला घोडा?"

"मार्क दे."

"किती द्यायचे असतात?"

रेनोने पेला काढून घेतला. घाईत बियर त्याच्या पँटवर सांडली. मग तो बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. "तू बरोबर होतीस. तू सहाव्या पिंपाला एकोणीस दिलेस. ओत म्हणालीस. मी ओतलं नाही. तुला खोटं सांगितलं, रोज सांगितलं. सगळ्या लोकांसमोर तुला विसरलीस म्हणालो. तू विसरली नव्हतीस. मला वाटलं तुझं नाक गेलं. नव्हतं गेलं. तेव्हा नव्हतं गेलं, ओडेट. सगळी बियर खराब झाली. ब्रुअरी गेली. एका माणसाचा हात गेला. तू सांगितलं होतंस."

ती ऐकत होती. पण शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हते, पोचत होता तो आवाज. तिचा चेहरा बदलत गेला. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही तो समोर बसून रडतोय, आणि काहीतरी खराब झालंय, काहीतरी गेलंय, आणि 'तू, तू' म्हणतोय.

"मी काय केलं?" तिने विचारलं.

"तू काही नाही केलंस. मी केलं."

"बियर खराब झाली?"

"हो, पण..."

"माझ्यामुळे?"

"नाही! ओडेट, नाही!"

तो 'नाही' जोरात म्हणाला. त्याने ती दचकली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला माहीत नव्हतं," ती हातांआडून म्हणत होती. "मला माहीत नव्हतं, मी मुद्दाम नाही केलं."

मी तिला जवळ घेतलं. रेनो पेला घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि त्याने नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

मला वाटलं होतं, रात्रीतून विसरेल. ती सकाळचं जेवण दुपारी विसरायची. सुवीचं नाव विसरली, आपण कुठल्या चर्चच्या ते विसरली. पण हे राहिलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर दारातच म्हणाली, "मर्ना, मी बियर खराब केली." 'मर्ना' असं म्हणाली ती, बरं का. कित्येक महिन्यांत तिने मला माझ्या नावाने हाक मारली नव्हती.

रेनोने सगळं करून पाहिलं. समजावलं. विषय बदलला. तिची जुनी बक्षिसं समोर मांडली. सुवीने तिच्या गानवृंदाची गाणी लावली. ती गायची, शब्द न चुकता, आणि गाणं संपलं की म्हणायची, "त्या माणसाचा हात बरा झाला का? माझ्यामुळे झालं ते." रेनो म्हणायचा, "माझ्यामुळे, ओडेट," आणि तेवढं ऐकलं की ती आणखीच कासावीस व्हायची, कारण तिला वाटायचं तो तिला पाठीशी घालतोय. ती जेवेना. घास तोंडाशी नेला की म्हणायची, मला कशाला देता, मी सगळं बुडवलंय.

शरद ऋतूत तिला केअर होममध्ये ठेवावं लागलं. सुवी ग्रीन बेला परत गेली. टाक्या विस्कॉन्सिनच्या कुणीतरी नेल्या. ट्रकवर चढवताना इंजिनघराच्या दाराची चौकट काढावी लागली, ती परत बसवली नाही.

जानेवारीत मी ओडेटला भेटायला गेले. रेनो तिथेच होता, तो रोज दुपारी असतो. खोलीत गरम होत होतं, खिडकीबाहेर तळं गोठलेलं. ती फार बारीक झाली होती. नर्स ताट ठेवून गेली: कुस्करलेला बटाटा, कोंबडी, गाजरं. ओडेटने ताटाकडे पाहिलं आणि मग रेनोकडे.

"ऐका हो," ती त्याला म्हणाली. तो कोण ते तिला माहीत नव्हतं. "मी बियर खराब केली."

मी म्हणणार होते, अगं नाही. रेनोने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"हो," तो तिला म्हणाला. "केलीस. मला माहीत आहे."

"पुष्कळ नुकसान झालं."

"झालं. पण तुझ्या नवऱ्याने तुला माफ केलंय. मला सांगितलं त्याने."

"खरं?"

"खरं. अगदी मनापासून केलंय."

तिने मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. रेनोने चमच्यात बटाटा घेतला, तिने तोंड उघडलं. एक घास, मग दुसरा. तो तिच्या हनुवटीखाली रुमाल धरून होता. निम्मं ताट संपलं. मग ती पुन्हा म्हणाली, "ऐका हो," आणि त्याने चमचा ठेवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आम्ही बरोबरच बाहेर पडलो. पार्किंगमध्ये दोन्ही गाड्यांवर बर्फ चढला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "रेनो, तू असं कसं म्हणू शकतोस तिला?"

त्याने माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ बाहीने झटकायला सुरुवात केली.

"त्यानंतर ती जेवते," तो म्हणाला, आणि मागची काच साफ करायला पलीकडे गेला.